रिकाम्या सुईच्या मॅडम

बोदवडकडच्या वस्तादाने माझी मान कधीही बसवलेली नाही. त्याच्या अंगणात मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. माझी मान बरी केली ती जळगावात आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर दवाखाना चालवणाऱ्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमनी, आणि ती सुईने केली. एवढंच मला फार आधी, सकाळी आमच्या बाकावर, माझ्यासारख्याच रिटायर झालेल्या मंडळींसमोर बोलायचं होतं. बोललो नाही. त्याऐवजी जे बोललो त्याने काय काय झालं ते पुढे येईलच.

मॅडमचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडायचं नाही. ज्यांना ओळखायचं ते पहिल्या खुणेवरून ओळखतील, कारण पेशंटला हात लावण्याआधी त्याच्याकडून त्याचं काम करून घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झालो आणि वर्षभरात उजव्या कानशिलात ठणका सुरू झाला. ठणका डोळ्याच्या मागे जाऊन बसायचा. चष्मा बदलला, चहा सोडला, चहा पुन्हा धरला, डोक्याला सुंठ लावली. शेवटी बायकोने हाताला धरून मॅडमकडे नेलं. मी म्हणालो, "डोकं दुखतं." मॅडम शेंगदाणे खात होत्या. दोन पेशंटच्या मध्ये त्या कायम भाजलेले शेंगदाणे खात. त्यांनी विचारलं, "काम काय करायचे?"

"कंडक्टर होतो."

"करून दाखवा."

"काय?"

"तिकिटं फाडा. गाडी भरलेली आहे, बोदवडला चालली आहे. मी बसलेय, बघा." आणि त्या खरोखर बाहेरच्या बाकड्यावर पेशंटच्या रांगेत जाऊन बसल्या. "एक बोदवड."

मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघू लागली. मग काय करणार, मी खांद्यावर नसलेली बॅग सरकवली, नसलेल्या दांड्याला टेकलो आणि म्हणालो, "सुटे द्या, सुटे. पुढे सरका, पुढे सरका." माझ्या तोंडून ते अशा आवाजात निघालं की बाकड्यावरची एक म्हातारी खरंच पुढे सरकली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या. "तुमचा उजवा खांदा अजून ड्युटीवर आहे," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नाही."

मग मानेच्या आणि खांद्याच्या मधला जाड भाग त्यांनी चिमटीत धरला आणि अंगठ्याने शोधत एका जागी दाबला. मी ओरडलो. दाब खांद्यावर होता आणि ठणका कानशिलात उठला, तोच, डोळ्यामागचा.

"हेच का?"

"हेच."

"तुमनं डोकं आठे शे," मॅडम म्हणाल्या. म्हणजे तुमचं डोकं इथे आहे. त्या मूळच्या धुळ्याच्या. एरवी आपल्यासारखंच शुद्ध बोलत, पण अंगठा दुखऱ्या जागी पोचला की अहिराणी सुरू व्हायची.

सुईचं असं होतं की तिच्यात काही नसायचं. केसाएवढी बारीक, भरीव सुई. औषध नाही, पाणी नाही, काही नाही. स्नायूत जी गाठ घट्ट होऊन बसलेली असते तिच्यात ती नेमकी टोचायची, की गाठ दचकते आणि सैल पडते. हे ऐकायला सोपं आहे. मला त्याआधी शर्ट आणि बनियन काढून पालथं पडायला सांगितलं, ते सोपं नव्हतं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी चाळीस वर्षांत डॉक्टरच्या पुढेही बनियन काढलेलं नव्हतं. बायको म्हणाली, "पडा ना. तुम्हाला काय मुलगी बघायला आली आहे का?"

पडलो. मॅडमनी मांस वर उचलून चिमटीत धरलं. फुप्फुसाच्या बाजूला सुई जाऊ नये म्हणून असं धरतात, हे त्यांनी सांगितलं. सुई गेल्याचं कळलंसुद्धा नाही. नंतर मात्र खांद्याच्या आत काहीतरी टुणकन उडालं, झोपलेल्या माणसाला जोरात हाक मारावी तसं. आणि माझ्या पाठीवर मॅडम कुणाशी तरी बोलू लागल्या, "सोड रे भो, सोड. बस व्हयनं. गाडी डेपोमा लागी गई."

बस झालं, गाडी डेपोत लागली, असं. माझ्याशी नव्हत्या बोलत. खांद्याशी बोलत होत्या.

उठताना म्हणाल्या, "उद्या दुखेल. उद्या मला शिव्या द्या. परवा द्यायच्या नाहीत." दुसऱ्या दिवशी खांदा असा ठणकला की मी मनातल्या मनात सगळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तोंड धुतलं, चहा घेतला, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, कानशिल गप्प होतं.

आणखी दोन-तीनदा गेलो. सुया संपल्यावरही कारण काढून बसायचो, कारण तिथे करमणूक भरपूर. असोद्याची एक म्हातारी यायची. विचारलं की सांगायची, "बठ्ठं दुखस." म्हणजे सगळंच दुखतं. मॅडम म्हणायच्या, "बठ्ठं कुणाचंच दुखत नाही, अक्का. एक बोट ठेवा." म्हातारी बोट डोक्यावर ठेवायची, मग पोटावर, मग नवऱ्यावर. "याच्यावर सुई चालत नाही," मॅडम म्हणायच्या. तेल लावून आलेल्या माणसाला त्या आत घ्यायच्याच नाहीत. बाहेर नळ होता, साबणाची वडी होती, तिथे घासून यायचं. केळीचे घड गाडीत भरणारा एक तरणा गडी एकादशीला उपाशी आला. मॅडम म्हणाल्या, "उपाशीपोटी सुई नाही. चक्कर येऊन पडाल." तो म्हणाला, "उपास आहे." "मग केळं खा." "मॅडम, दिवसभर केळीच उचलतो, तोंडात नका घालू हो." पण खिडकीत मॅडमनी त्यासाठीच केळ्यांची एक फणी टांगून ठेवलेली असायची. त्याने तोंड वाकडं करत दोन खाल्ली तेव्हा त्याची पाळी आली.

एक गृहस्थ भांडायलाच आले. "तुमच्या सुईत औषध नसतं म्हणे? निदान रंगीत पाणी तरी भरा, माणसाला बरं वाटतं." मॅडमनी सुई त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "हिच्यात काही नाही, काका. जे आहे ते तुमच्या पाठीत आहे."

हे बोटांचं ज्ञान कुठून आलं, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कॉलेजातून. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, त्याच्या आधी घरातून. धुळ्याला त्यांचे वडील पिंजारी, गाद्या भरायचे. भरलेल्या गादीवर ते आपल्या लेकीला चालायला लावायचे आणि विचारायचे, कापसाची गाठ कुठे लागते ते सांग. "पायाला सापडायची तेव्हा. आता हाताला सापडते. अब्बा म्हणायचे, गाठ राहिली तर झोपणारा रात्रभर कूस बदलेल आणि शिव्या बायकोला देईल."

आता बाकाचं.

आमच्या कॉलनीच्या मैदानाच्या कडेला लिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे. सकाळी फिरून आलं की तिथे बसायचं आणि गावाची मापं काढायची. आमचे म्होरके नाना. मूळ असोद्याचे, केळीचे बागायतदार, आता मुलाकडे जळगावात. आवाज मोठा, मान कायम आखडलेली. शेतात उमेदीत डोक्यावर घड वाहिलेले. त्या दिवसांत बाकावर मॅडमचा विषय निघालेला होता. कुणीतरी म्हणालं, "तिथे म्हणे शर्ट काढून पालथं पडावं लागतं." नाना म्हणाले, "बाईपुढे? या वयात? मी तर मरून जाईन, पन पडनार नाही." सगळे हसले. मीही हसलो. आदल्याच संध्याकाळी मी पडून आलेलो होतो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नानांनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "कंडक्टर, तुझी मान लय फिरू राहिली रे. काय केलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोदवडच्या रूटवर मी इतकी वर्षं होतो. त्या रस्त्यावर एका खेड्याच्या फाट्यावर वाकड्या मानेची माणसं उतरायची आणि संध्याकाळच्या फेरीला सरळ मानेची चढायची, त्यातली काही तरी. तिथे एक वस्ताद नस बसवायचा. ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि तोंडातून गेलं, "बोदवडकडे एक वस्ताद आहे. एक झटका दिला, बस."

खोटं बोलायला मला एक श्वासही लागला नाही. कंडक्टरचा शब्द, त्यात फाट्याचं नाव, उतरायची खूण, परतीच्या गाडीची वेळ. कुणाला शंका येणार? बाकावरचे एकेक जण वस्तादाकडे जाऊन आले. त्यांनी आपल्या भावांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. नाक्यावरच्या टेलर मास्तरांनी मला दुकानात बोलावून पुन्हा एकदा फाटा समजावून घेतला. जन्मभर मशीनवर वाकून त्यांची मान पुढे गेली होती. मी त्यांनाही सांगितलं. सांगताना आणखी थोडं रंगवलं.

वस्ताद भला माणूस असावा. त्याला कळलं की ही गर्दी कोण पाठवतं. एक दिवस बोदवडच्या गाडीने माझ्या नावाने पिशवी आली, भरिताची वांगी, अशी टपोरी की बाजारात मिळायची नाहीत. बायकोने भरीत केलं, वर कांद्याची पात घातली आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. "खा. तुमच्या मानेची कमाई आहे." मी नुसती पात बाजूला सारत बसलो.

त्यानंतर नानाही वस्तादाकडे गेले. वस्तादाने एक झटका दिला तो त्यांच्या मानेला मानवला नाही. परत येताना डाव्या हाताला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो बोटांतून निसटून खाली पडला. नाना कपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले बरं केलं अन् मले असं. तुझं नशीब चांगलं, कंडक्टर."

मी तिथून उठलो तो थेट मॅडमकडे. पेशंट बसलेले होते, त्यांच्यादेखत सगळं सांगून टाकलं. शर्टाचं, बाकाचं, वस्तादाचं, नानांच्या हाताचं. मॅडमनी शेंगदाण्याची वाटी बाजूला ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पहिलं विचारलं, "मूठ वळते का त्यांची?"

"ढिली वळते."

"मग आज हाडांच्या डॉक्टरकडे. एमआरआय काढायचा. हे आधी सुईचं काम नाही. मानेतली नस दबली असेल तर मी हात लावणार नाही. जा, घेऊन जा त्यांना."

नेलं. नानांच्या मुलाबरोबर मीही बाहेर बसलो. आत नाना त्या नळकांड्यात पडलेले आणि बाहेर मी माझ्या तोंडाला शिव्या देत होतो. डॉक्टर म्हणाले, नस चिडली आहे, तुटलेली नाही. गोळ्या, पट्टा, आराम. ऑपरेशन नको. मी डॉक्टरांच्या पाया पडायचा राहिलो इतकंच. काही आठवड्यांनी नस शांत झाली तेव्हा डॉक्टरांनीच आखडलेल्या स्नायूंसाठी नानांना मॅडमकडे पाठवलं. नानांना पालथं पाडताना मी तिथे होतो. भिंतीकडे तोंड करून ते पुटपुटले, "कंडक्टर, तू बाहेर जाय." मी गेलो नाही. तिथेच, त्यांना उठता येत नव्हतं अशा वेळी, मी त्यांना खरं सांगितलं. पाठीत सुया आणि तोंड गादीत, असे नाना पडलेले. मग आतून आवाज आला, "मॅडम, ह्या सुया काढा पटकन. मले याले हानायचं शे."

मॅडम म्हणाल्या, "हसू नका, नाना. सुई हलते."

नाना हसत होते, हे तेव्हा मला कळलं. त्यांच्या हाताची पकड परत आली. वर्षभर त्यांनी माझ्याकडून रोज सकाळी आपला पेपर वाचून घेतला, जाहिरातींसकट, तीच शिक्षा. बाकावर मात्र त्यांनीही तोंड उघडलं नाही, कारण मग तेही पालथे पडले होते हे सांगावं लागलं असतं.

माझं ओझं नानांबरोबर संपलं असतं. मॅडमनी ते संपू दिलं नाही. नाना बरे झाल्याचं सांगायला गेलो तर म्हणाल्या, "बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे कोण?"

"तुमच्या शब्दावर आणखी कोण कोण गेलं? मी सुई टोचते ती कुठे गेली ते मला माहीत असतं, आबा. तुमचं वाक्य कुठे कुठे गेलं ते तुम्ही बघून या."

म्हणून मी फिरलो. जळगावातली घरं, असोदा, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधले नानांचे व्याही. दारात उभा राहायचो आणि म्हणायचो, "सहज आलो होतो. मान कशी आहे? जरा फिरवून दाखवा." लोक फिरवून दाखवायचे. डावीकडे, उजवीकडे. एका दारात तर तीन पिढ्यांनी ओळीने माना फिरवल्या. कुणाला काही झालं नव्हतं. दोघांना तर वस्तादाकडून खरंच बरं वाटलं होतं आणि त्यांनी माझे आभार मानले, मी मान खाली घालून चहा प्यायलो. प्रत्येक दारातून निघताना छातीवरचं थोडं उतरायचं. खरं कारण मात्र एकाही दारात सांगितलं नाही, तेवढा धीर झाला नाही.

फक्त टेलर मास्तर सापडले नाहीत. नाक्यावरचं दुकान बंद, शटरवर धूळ. शेजारचा पानवाला म्हणाला, "मास्तर गेले. हाताला काहीतरी झालं म्हणे." कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. टेलर आणि हात. मी त्या शटरसमोर उभा राहिलो. मॅडमना येऊन सांगितलं. त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "शोधा." एवढंच. मला त्यांचा राग आला. एका माणसाचा संसार बसला असेल आणि ही बाई शेंगदाणे खाते.

मग करोना आला आणि गेला. मॅडमच्या आई थकल्या म्हणून त्यांनी जळगावचा दवाखाना आवरला आणि धुळ्याला थाटला. मी वर्षातून एकदा खांद्याचं निमित्त काढून तिकडे जायचो. मास्तरांचं नाव मी काढायचो, त्या म्हणायच्या, "शोधा." धुळ्याला गेलो की मी शिंप्यांच्या दुकानांतून विचारत फिरायचो, जळगावचे एक मास्तर, मान पुढे आलेले, दिसले का. का कुणास ठाऊक, वाटायचं माणूस हात गमावून बसला तर लेकीकडे जाईल, आणि त्यांची लेक धुळ्याला दिलेली होती.

गेल्या महिन्यात धुळ्यातच पाचकंदीलजवळ एका मुलाने सांगितलं, देवपूरला आहेत, घरीच शिवतात.

घरीच शिवतात, हे मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

मास्तर ओसरीवर मशीनला बसलेले होते. म्हातारे झाले होते, पण कापडावरून कात्री सरसर चालली होती. मला ओळखलं. "अरे भाऊ! या, या." मी बसलो नाही.

"मास्तर, तुमचा हात?"

"हाताला काय झालं?"

"पानवाला म्हणाला..."

"ते होय! उकळत्या चहाने भाजला होता, महिन्यात बरा झाला. मग लेक म्हणाली, अब्बा, एकटे राहू नका, इकडेच या. आलो."

"आणि मान?"

त्यांनी मान फिरवली. डावीकडे, उजवीकडे. मी पायरीवरच बसलो. "मग वस्तादाने तुम्हाला काही..."

"वस्तादाकडे मी गेलोच कुठे?" मास्तर म्हणाले. "निघालो होतो खरा. त्याच्या आधी तुम्ही सफारी शिवायला आलात, आठवतं? तुमचा उजवा खांदा कायम उंच. मी तिकडे नेहमी कापड जास्त ठेवायचो. त्या दिवशी टेप लावला तर दोन्ही बराबर. आणि कॉलर खाली केली तर मानेशी बारीक लाल ठिपके. भाऊ, जिंदगी सुईत गेली माझी. झटक्याने ठिपके येतात होय? मग जळगावात सुई कोण टोचतं ते विचारलं आणि तिकडे गेलो. तुम्ही सांगितलं ते नाही केलं. तुम्ही केलं ते केलं."

चहा घेतला की नाही ते आठवत नाही. रिक्षा करून मॅडमच्या दवाखान्यात गेलो आणि दारातूनच म्हणालो, "मास्तर सापडले. बरे आहेत. ते तर तुमच्याकडेच आले होते!"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझे पेशंट होते, मला माहीत नसणार?"

"मग मॅडम, इतकी वर्षं... एक शब्द सांगायचा मला."

"आबा, तुम्ही माझ्याकडे येता हे मी कधी तुमच्या बाकावर येऊन सांगितलं?"

"नाही."

"मग त्यांचं तुम्हाला कसं सांगणार? त्यांनी तर बजावून सांगितलं होतं. म्हणाले, मी इथे आलो हे कंडक्टरभाऊंना कळू देऊ नका. ते वस्तादाचं नाव सांगून बसले आहेत, त्यांना वाईट वाटेल."

मॅडमनी शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे केली, मी मूठभर घेतले.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. आयुष्यभर एसटीत मला कधी झोप लागली नाही, डोळा लागला की कुणीतरी तिकिटाविना उतरेल अशी धास्ती. त्या दिवशी धुळं सुटलं आणि मी झोपलो. जळगावच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली होती. कंडक्टर पोरगा माझा खांदा हलवत म्हणत होता, "बाबा, उतरा. आलं जळगाव."